पहिल्या ठोकळ्याचा आकडा

'साखर नाही. मीठ.' — चिठ्ठीचा उजवा कोपरा सुटला होता, आणि खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याने तो डब्यावर टिचकी मारल्यासारखा वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता. आणि ती हातात चमचा घेऊन तो कोपरा अंगठ्याने दाबून धरत होती, जणू तो चिकटला की मगच चहात काय घालायचं ते ठरणार होतं. अक्षर तिचंच. मोठं, ठळक, पहिलीच्या फळ्यावर काढतात तसं. वडिलांना शेवटपर्यंत वाचता येत होतं. फक्त वाचलेलं डोळ्यांपासून हातापर्यंत पोचेस्तोवर वाटेत कुठेतरी सांडायचं. 'हा गीझर. हात लावू नका.' 'दाराला आतून कडी नको.' 'आज बुधवार.' — ही एकच चिठ्ठी रोज बदलावी लागायची, आणि ती अजून बुधवारवरच होती. ज्या बुधवारी त्यांना दवाखान्यात नेलं तो बुधवार. त्याला नऊ आठवडे झाले.

चहा तिने बिनसाखरेचाच प्यायला.

फोन मघाशीच येऊन गेला होता, लॅबकाकांचा. बांधकामाचा माल तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तीस वर्षं वडिलांच्या हाताखाली काढलेला, ते निवृत्त झाल्यावर त्यांच्याच खुर्चीवर बसलेला हा माणूस. हे नाव तिनेच ठेवलेलं, फ्रॉक घालायच्या वयात, आणि ते इतकं चिकटलं की काकूसुद्धा त्यांना चारचौघांत तसंच म्हणायची. "पाच वाजता येतो गं," ते म्हणाले होते. "चार ओळींचं पत्र, जास्त काही नाही. मजकूर मी सांगतो, तू तुझ्या अक्षरात लिही. उद्या सकाळी सुनावणी आहे. तेवढ्यावर प्रकरण मिटेल बघ."

चार ओळी. की माझे वडील शेवटच्या वर्षात विस्मरणाने आजारी होते. की त्या काळात त्यांनी केलेल्या तपासणीची खात्री मी देऊ शकत नाही. एवढंच. हे पत्र मिळालं की वडिलांचा शेवटचा अहवाल रद्द होणार. नव्या उंच पाण्याच्या टाकीचं काँक्रीट कमी ताकदीचं आहे, टाकी भरू नये, असं त्यांनी त्यात लिहिलं होतं. तो रद्द झाला की ठेकेदार नवे नमुने देणार, नवे नमुने पास होणार — मुद्दाम करून दिलेले नमुने नापास झाल्याचं तिने तरी कधी ऐकलं नव्हतं — आणि टाकी भरणार. टाकीखाली वस्ती होती. हे सगळं सरळ होतं, सिनेमात असतं तितकं सरळ. कुठल्या बाजूला उभं राहायचं ते शेंबड्या पोरालाही कळावं. फक्त एक अडचण होती. त्या चार ओळींत एकही शब्द खोटा नव्हता.

आणि खोटं बोलायचं नाही, हे वडिलांनी तिला कधी शिकवलंही नव्हतं. त्या घरात खोटं बोलण्याची सोयच नव्हती, जशी काही घरांना गॅलरी नसते.

*

स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या आणि मधे काच. काचेपलीकडे आवाज देणारे, अलीकडे सगळ्यांवर ओरडणारे मास्तर, आणि मास्तरांच्या डाव्या हाताला तिची खुर्ची. परक्या भाषेतल्या सिनेमांना आपल्या भाषेतले संवाद लिहायचे, हे तिचं पोटापाण्याचं काम. लोकांना वाटतं, त्यात अर्थ महत्त्वाचा. अर्थ नंतर, आधी तोंड. प, ब, म आले की माणसाचे ओठ मिटतात. पडद्यावरचे ओठ जिथे मिटले तिथे आपल्या वाक्यातले मिटले पाहिजेत, नाहीतर बघणाऱ्याला कळत काहीच नाही, पण आत कुठेतरी वाटत राहतं की हा माणूस खोटं बोलतोय.

तीन आठवडे ती एका सरळ अधिकाऱ्याबरोबर राहत होती. सडलेलं शहर, वरपासून खालपर्यंत विकलेलं, आणि त्यात हा एकटा. त्याच्या गाडीवर गोळ्या झाडल्या जात, त्याच्या घराला आग लागे, आणि प्रत्येक वेळी तो 'नाही' म्हणायच्या आधी व्हायोलिन सुरू होई. त्या व्हायोलिनचा तिला हेवा वाटायचा… राग यायचा. बाबांच्या 'नाही'ला कुठलं वाद्य नव्हतं. त्याला ओल्या गोणपाटाचा वास होता, आणि घरी यायला उशीर होई, आणि आई म्हणे, आज कुणाशी वाकडं घेतलंत? त्यावर ते म्हणत, वाकडं नाही गं, प्रमाण चुकलं होतं. एक सिमेंट, दोन वाळू, चार खडी. प्रमाण पाळतो तो प्रामाणिक. ह्यात मोठेपणा कसला? 'प्रामाणिक' हा शब्द त्यांनी स्वतःला लावलेला तिने उभ्या जन्मात ऐकला नव्हता.

"आज तुमचा साहेब बोलला पाहिजे, बाई," मास्तर म्हणाले. "तीन दिवस नुसता ओठ हलवतोय. आम्ही त्याच्या तोंडाकडे बघून बघून म्हातारे झालो."

"दोन वाक्यं आणलीत."

"दोन कशाला? एकच द्या, पण बसणारं. आपला धंदाच मिटवामिटवीचा. ओठ मिटले की प्रकरण मिटलं."

हा विनोद ते आठवड्यातून एकदा करत आणि ती आठवड्यातून एकदा हसत असे. आज हसायला तिला क्षणभर उशीर झाला, तेव्हा त्यांनी वळून पाहिलं.

प्रसंग असा — गाडीत दोघं. जुना जोडीदार विचारतो, सगळं शहर एका बाजूला, तू हे कशासाठी करतोस? अधिकारी काचेबाहेर बघतो आणि एक वाक्य म्हणतो. छोटंसं. त्यात ओठ तीनदा मिटतात.

काचेपलीकडच्या माणसाला सगळे खर्ज म्हणत, आवाजावरून. त्याने कागद डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाला, "मी प्रामाणिक आहे." मी — मिटले. प्रा — मिटले. मा — मिटले. पडद्यावरचा माणूस आपल्याच भाषेत जन्मला होता असं वाटलं.

"बघा," मास्तरांनी मांडीवर थाप मारली. "शिंप्याने माप घेतल्यासारखं बसलंय."

"पण असं कुणी म्हणत नाही."

"कसं?"

"'मी प्रामाणिक आहे' असं. जो असतो तो हे वाक्य म्हणत नाही."

"मी म्हणतो की," खर्ज माइकमधून म्हणाला. "रोज बायकोला."

"म्हणून तर ती तुझे खिसे तपासते," मास्तर म्हणाले. "बरं, दुसरं काय आहे?"

दुसरं तिने पहाटे लिहिलं होतं. खर्जाने ते आधी मनात वाचलं, मग आवाज खाली आणून, काचेबाहेर बघितल्यासारखं, म्हणाला, "मला माहीत नाही बाबा." आपण कुणालाही म्हणतो तसं, मित्राला, रिक्षावाल्याला, स्वतःला. तिला वाटलं, बसलं… तोंडावर नाही, पण कुठेतरी बसलं.

"हीरोला माहीत नाही?" मास्तर म्हणाले. "दोन तास मार खाल्ला, घर गेलं, बायको गेली, आणि ह्याला माहीत नाही? मग प्रेक्षकाने काय त्याच्या घरी जाऊन विचारायचं? आणि बाई, 'बाबा' नको. एक ओठ जास्त होतोय."

"'बाबा' काढलं तर एक कमी पडतो."

"तेच म्हणतोय ना. पहिलं ठेवूया."

"ठेवा," ती म्हणाली.

आणि मग तिलाच नवल वाटलं, किती सहज निघाला तो शब्द. ना अडखळली, ना आवाज बदलला. ठेवा. एका क्षणात एका माणसाच्या तोंडात त्याने न म्हटलेलं वाक्य कायमचं गेलं आणि कुणाच्या अंगाला ओरखडाही उठला नाही. असंच होत असेल का सगळीकडे? मोठमोठ्या टेबलांवर, मोठमोठ्या सह्यांच्या वेळी, कुणी काही लपवत नसेल, दरडावत नसेल; कुणीतरी म्हणत असेल, बसतंय की, आणि कुणीतरी म्हणत असेल, ठेवा.

*

बसमध्ये भावाचा फोन आला. तो दुसऱ्या शहरात, दोन मुलं, वर आलेलं पोट आणि सगळ्या गोष्टी लवकर उरकायची सवय.

"लिहून टाक गं ताई," तो म्हणाला. "आजाराचं पत्र आहे, गुन्ह्याचा कबुलीजबाब नाही. आणि खरं तेच लिहायचंय ना तुला? ते शेवटी मला आपल्या मेलेल्या कुत्र्याच्या नावाने हाक मारत होते."

"तू ओ देत होतास."

"देणार नाही तर काय. भुंकलोसुद्धा असतो." दोघंही हसले, आणि हसणं एकदम संपलं, एकाच वेळी, दोन शहरांत. मग तो म्हणाला, "हे बघ, तू एकटीने सगळं केलंस. आता हे एक डोक्यावरून उतरव. काका वाईट माणूस नाहीत."

"नाहीत."

"मग झालं तर."

झालं नव्हतं. कारण एक गोष्ट तिने भावाला सांगितली नव्हती, लॅबकाकांना सांगितली नव्हती, स्वतःलाही नीट शब्दांत सांगितली नव्हती. तपासणीच्या दिवशी ती वडिलांबरोबर होती. त्यांचे हात थरथरायला लागले होते, म्हणून आकडे तिने लिहिले. आणि पहिला आकडा तिने खोडला होता.

ती वडिलांना घेऊन गेली कारण लॅबकाकांनी बोलावलं होतं: त्रयस्थ माणूस हवाय, तुमच्या नावावर दोन्हीकडच्यांचा विश्वास आहे. वडील सकाळपासून शर्टाची बटणं लावून दारात बसले होते, एकही चुकलं नव्हतं. आणि प्रयोगशाळेच्या दारातून आत पाऊल टाकताच त्यांची चाल बदलली. घरात भिंतीला हात लावत फिरणारा माणूस तिथे मोकळ्या हातांनी चालायला लागला. हौदातून काढलेले काँक्रीटचे तीन चौकोनी ठोकळे, अठ्ठावीस दिवस पाण्यात राहिलेले. त्यांनी ते फडक्याने टिपले. यंत्राची पाटी तळहाताने पुसली. ठोकळा आडवा करून ठेवला — थापीने सपाट केलेली बाजू कधी वर ठेवायची नाही, ती गोड बोलते, असं ते म्हणायचे — आणि यंत्र सुरू केलं.

त्या यंत्राच्या तबकडीवर दोन काटे. काळा दाबाबरोबर चढत जातो आणि ठोकळा फुटला की क्षणात शून्यावर कोसळतो. लाल काटा आपण होऊन हलत नाही. काळा त्याला ढकलत नेईल तिथवर जातो आणि तिथेच राहतो, म्हणजे माणसाला सावकाश वाचता यावं. फक्त प्रत्येक ठोकळ्याआधी तो हाताने मागे आणावा लागतो. विसरलात तर आदल्या कुणाच्यातरी ठोकळ्याचा आकडा तसाच उभा. तीस वर्षं त्यांनी हाताखालच्यांना हे एकच सांगितलं असेल, आधी लाल काटा. ती अभ्यासाला बसायच्या आधी टंगळमंगळ करायला लागली तरी वर्तमानपत्रामागून विचारायचे, लाल काटा मागे आणला का?

पहिला ठोकळा फुटला. जाड वाळकी फांदी मोडावी तसा आवाज.

"सहाशे चाळीस," ते म्हणाले. तिने लिहिलं.

मग ते गप्प झाले. तिला वाटलं, थकले. मग म्हणाले, "खोड ते. चारशे दहा लिही." तिने खोडलं, बाजूला लिहिलं. त्यांनी पुढे होऊन लाल काटा हाताने शून्यावर आणला, आणि तिच्याकडे पाहिलं नाही. दुसरा ठोकळा तीनशे नव्वदला फुटला. तिसरा चारशे तीसला. टाकीच्या काँक्रीटला हवे होते पावणेसातशे.

म्हणजे ते विसरले. आयुष्यभर जे सांगितलं तेच विसरले. लाल काटा आदल्या दिवसाच्या कुठल्यातरी ठोकळ्यामुळे सहाशे चाळीसला उभा होता, तो त्यांनी वाचला, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. पण तोवर काळा काटा खाली आला होता. म्हणजे चारशे दहा हा आकडा तेव्हा कुठेच नव्हता. फक्त त्यांच्या डोक्यात होता. मीठ की साखर हे ज्या डोक्यात स्वयंपाकघर ओलांडेपर्यंत टिकत नव्हतं, त्या डोक्यात तो पाच सेकंद टिकला… टिकला असेल? की पहिला ठोकळा खरोखरच सहाशे चाळीसला फुटला आणि चारशे दहा हा तीस वर्षांतल्या दुसऱ्याच कुठल्या ठोकळ्याचा, वाट चुकून आलेला, भावाला लावलेल्या कुत्र्याच्या नावासारखा? तसं असेल तर सगळंच बदलतं. तिन्हींत एक फार वेगळा निघाला की नमुनाच बाद धरतात. मग अहवाल नापासचा होत नाही, पुन्हा तपासा असा होतो. आणि शंका आल्यावर पहिला ठोकळा सोडून द्यायचा, तसं कागदावर नोंदवायचं, ही साधी रीत. ती त्यांनी पाळली नाही. लाजले? तिच्यासमोर लाजले?

ती दोन थांबे आधीच उतरली. टाकी तिथून दिसत होती. आठ खांब, त्यांवर वाटोळं पोट, अजून रंग न दिलेलं. खांबांना दोऱ्या बांधून कुणी कपडे वाळत घातले होते. एक बाई खांबाला टेकून भांडी घासत होती, बादलीतलं पाणी वाटी-वाटीने वापरत. तिच्या हातातली संवादांची फाइल बघून ती बाई म्हणाली, "खात्याकडून आलात?"

"नाही."

"मला वाटलं, आलात. कधी भरणार हो ही? सहा महिने झाले, नुसती डोक्यावर उभी. कुणी म्हणतात, कुण्या म्हाताऱ्याने अडकवून ठेवलीय."

"असं म्हणतात?"

"आपल्याला काय माहीत. पाणी आलं म्हणजे झालं." तिने ताट पुसलं, उन्हात धरून पाहिलं. "त्याच्या घरी नळ असेल."

होता. त्यावर चिठ्ठी होती, 'बंद करा.'

*

घरी आल्यावर तिने चपला न काढताच चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली. का, ते तिने स्वतःला विचारलं नाही. मिठाची, साखरेची, गीझरची, कडीची. काही अलगद निघाल्या, काहींबरोबर रंगाचा पापुद्रा आला. कपाटाच्या आतल्या बाजूला एक होती, 'हा सदरा तुमचाच आहे', ती काढताना नख तुटलं. आज बुधवार. तीही निघाली. सगळ्यांचा बोळा करून तिने कचऱ्याच्या डब्यात कोंबला, वरून चहाचा चोथा ओतला, आणि हात धुताना आरशात पाहिलं तर एक बाई घाईघाईने पुरावा नष्ट करत होती. सिनेमात हे काम दुसऱ्या बाजूचे लोक करतात. म्हणजे मी ठरवलंय की काय? म्हणजे मी उद्या सांगणार, की माझे वडील शेवटपर्यंत टक्क शुद्धीत होते, त्यांचा आकडा म्हणजे आकडा. टाकी थांबेल, नाव राहील. त्यासाठी एकच खोटं, तेही मेलेल्या माणसाच्या बाजूने, तेही खऱ्या कामासाठी… आणि हे मनात येताच किती हलकं वाटलं, ह्याचीच तिला धास्ती वाटली.

लॅबकाका पाचला पाच कमी असताना आले. नेहमीसारखे दारात पाय पुसून, नेहमीसारखे वडिलांची खुर्ची सोडून शेजारच्या स्टुलावर बसले. नजर भिंतींवरून फिरली, जिथे जिथे रंग उडून पांढरे चौकोन राहिले होते त्यांवरून.

"चिठ्ठ्या काढल्यास?"

"हो."

"बरं केलंस. ते गेले त्या दिवशी आलो होतो ना सगळे, तेव्हाच म्हणत होतो काकूला, पोरीला रोज ह्या बघत राहावं लागतंय." त्यांनी फाइल उघडली. "अक्षर तेच आहे, म्हणून ओळखलं."

तपासणीचा कच्चा कागद होता. तिच्या अक्षरातले तीन आकडे, खाली वडिलांची थरथरती सही. पहिल्यावर आडवी रेघ, आणि रेघेखालून सहाशे चाळीस स्वच्छ वाचता येत होते. खोडतानासुद्धा तिने हात राखून खोडलं होतं.

"हे का खोडलंय, मी विचारत नाही," लॅबकाका म्हणाले. "मला ऐकायचंच नाही. पण हा कागद उद्या मागवला तर समोरचा काय म्हणेल सांगू? दुसऱ्या ठेकेदाराने म्हाताऱ्याचे हात ओले केले, आणि म्हाताऱ्याने पोरीच्या हाताने आकडा बदलला. तू कितीही कानीकपाळी ओरड. विसरले म्हण, नाहीतर खाल्ले म्हणतील. तिसरं दार नाही गं."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला?" ते थोडे दुखावल्यासारखे झाले. "मला काटा वाचायला त्यांनी शिकवलं. त्यांनी खाल्लं म्हणणाऱ्याचं मी तोंड फोडीन. म्हणून तर पत्र मागतोय. आजाराला कुणी नावं ठेवत नाही."

"आणि टाकी?"

तिने दिलेल्या चहाचा कप त्यांनी बशीत फिरवला, कान उजवीकडे, मग डावीकडे. "काँक्रीट वयाबरोबर घट्ट होत जातं. हे खोटं नाही. तुझे बाबासुद्धा हेच सांगतील."

"सांगायचे. किती ते सांगायचे."

ते कप पुन्हा फिरवायला लागले. चेहरा खरंच थकलेला होता. वरून कुणाकुणाचे फोन येत असतील, दोन वर्षांवर निवृत्ती आलेली. तिला त्यांचा राग येईना. तिने खूप प्रयत्न केला.

"काका, तुम्ही त्यांना ह्या तपासणीला बोलावलंत, तेव्हा तुम्हाला माहीत होतं ना?"

"काय?"

"ते विसरतात म्हणून. पुढे गरज पडली तर उपयोगी पडेल म्हणून…"

"काहीतरीच काय. मला वाटलं, चार माणसांत बरं वाटेल त्यांना." कप थांबला. मग खाली बघत, आवाज न चढवता ते म्हणाले, "तुलाही माहीत होतं. तू घेऊन आलीस ना?"

हो. मी घेऊन आले. बटणं नीट लावली म्हणून घेऊन आले. एक दिवस ते पूर्वीसारखे दिसावेत म्हणून, आणि ते दिसले, आणि त्याची किंमत कुणीतरी द्यायची आहे हे तेव्हा माझ्या गावीही नव्हतं.

तिने वही ओढली, पेन उघडलं. लॅबकाकांनी सुटकेचा श्वास टाकला आणि सांगायला लागले, सावकाश, शुद्धलेखन घातल्यासारखं. "मी, खाली सही करणारी, असे प्रमाणपत्र देते की… कॉमा नको… माझे वडील…"

'मी' लिहून पेन थांबलं.

पुन्हा ते यंत्र, तो आवाज. नऊ आठवडे हाच तुकडा ती मागेपुढे फिरवत होती, आणि आत्ता, वहीवर हात टेकलेला असताना, तिला दिसलं की ह्या तुकड्यात तबकडी नाहीच. काळा काटा नाही, लाल काटा नाही. ती बाकावर बसली होती, मांडीवर पाटी, पाटीवर कागद, आणि ती वडिलांच्या तोंडाकडे बघत होती. सवयीने. तोंडातून आकडा यायच्या आधी त्यांचे ओठ हलले होते. काहीतरी पुटपुटून, धरून ठेवल्यासारखं. काय धरून ठेवत होते? सहाशे चाळीस. चारशे दहा. तिने दोन्ही त्या तोंडात घालून पाहिले. दोन्हींत ओठ कुठेच मिटत नाहीत. दोन्ही बसत होते, तितकेच चोख, जणू ते तोंड काहीही म्हणायला तयार होतं. नऊ आठवडे ती त्यात वाक्यं घालत आली होती: बरोबर असल्याची, विसरल्याची, लाजल्याची. लॅबकाकांचीही एक ओळ तयार होती, आणि टाकीखालच्या त्या बाईचीही असेल. त्यांचं स्वतःचं काय होतं, ते त्यांच्याबरोबर गेलं. तिथे आता आवाज नव्हता, आणि तो भरून काढणं हे काम तिचं नव्हतं… हे कळलं तेव्हा छातीत काहीतरी मोडल्यासारखं झालं, आणि ते मोडणं थांबवायला ती पुढे झाली नाही.

"माझे वडील," लॅबकाकांनी पुन्हा सांगितलं. "लिहिलंस?"

"थांबा, काका."

"अगं, चारच ओळी."

"चारात नाही बसायचं ते."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. विचारावं की नाही अशा चेहऱ्याने घड्याळाकडे पाहिलं. मग कप उचलून, रिकामा आहे हे विसरून, तोंडाला लावला.

आजवर सगळ्यांनी मला एकच विचारलं, तुझे वडील कसे होते. यंत्रासमोर त्या दिवशी दोन माणसं होती, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. मी यंत्रापासून चार हातांवर होते. मी काट्याकडे बघत नव्हते. मी सहाशे चाळीस ऐकलं आणि लिहिलं, चारशे दहा ऐकलं आणि पहिलं खोडलं, आणि मग त्यांना लाल काटा मागे आणताना मी पाहिलं. हे लिहिलं तर पहिला ठोकळा जातो, दुसरा-तिसरा राहतात, आणि त्या दोघांवर टाकी अडेल की सुटेल, बाबांना लोक काय म्हणतील, कच्च्या कागदावरच्या अक्षरासाठी मला कुठे कुठे उभं करतील, ह्यातलं काहीही मला दिसत नव्हतं. भीती वाटत होती. पण ती त्यांच्या नावाची भीती नव्हती, जी मी नऊ आठवडे उराशी धरून हिंडत होते. ही नवी होती, हलकी, नुसती माझी, आणि मी काकांसमोर वही उघडी ठेवून बसले होते, आणि मला सपाटून भूक लागली होती.